कार्ट ३६ वर अडते: आधी दाते मोजा, मग इंजिन उघडा

यवतमाळच्या एका कॉलेजातल्या पोराने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा: "काका, आम्ही सात जणांनी मिळून स्पर्धेसाठी गो-कार्ट (छोटी, बुटकी रेसची गाडी) बनवली. इंजिन जुन्या स्प्लेंडरचं, भंगारातून कागदपत्रांसह घेतलेलं. चेन सेट बाईकचाच, पुढे १४ दाते, मागे ४२. मागचे टायर ११ इंची. टॉप गिअरला इंजिन नुसतं ओरडतं, पण मोबाइलवर स्पीड ३६-३७ च्या वर जात नाही. एक मेकॅनिक म्हणतो बोअर करून (सिलिंडरचं भोक वाढवून) मोठा पिस्टन टाका. दुसरा म्हणतो सायलेन्सर कापा. गावचा मित्र म्हणतो पॉवर वीडरचं (निंदणीच्या यंत्राचं) इंजिन बसवा आणि त्याचा गव्हर्नर (फेरे आवरून धरणारा भाग) काढून टाका. काय करावं?"

बाळा, तू जे लिहिलंस त्यावरून इंजिन ठीक दिसतं. ओरडतं म्हणजे ते पूर्ण फेरे घेतंय. त्याच्याकडे जेवढं आहे तेवढं ते देतंय, फक्त ते रस्त्यापर्यंत पोचत नाही. हे इंजिन बाईकवर होतं तेव्हा त्याच्या मागे १८ इंची रिमचं चाक होतं. ते चाक एका फेऱ्यात साधारण १८५ सेंटिमीटर जमीन कापतं. तुझा ११ इंची टायर ड्रायव्हर बसल्यावर एका फेऱ्यात ८५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. चाक निम्म्याहून लहान झालं आणि चेन सेट तोच राहिला, मग स्पीडही निम्म्याहून कमीच होणार. बाईकवर ८० देणारं इंजिन कार्टवर ३६ देतंय, याचा अर्थ ते अगदी बरोबर चाललंय.

माझं वर्कशॉप राळेगाव तालुक्यात आहे. त्याआधी मी जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली होतो. तिथे एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी वेगवेगळ्या मशीन चालायच्या, आणि कोणती मशीन किती वेगाने फिरणार ते पुलीच्या मापावर ठरायचं. तुझ्या घरी सोयाबीन होत असेल तर हीच गोष्ट तू मळणीला बघितली असशील. ट्रॅक्टरचा पीटीओ (मशीन जोडायचा मागचा शाफ्ट) मिनिटाला ठरलेले ५४० फेरे देतो. बियाण्याचं सोयाबीन काढताना ड्रमचे फेरे ४०० च्या आत ठेवायला सांगतात, नाहीतर दाणा फुटतो आणि उगवण जाते. त्यासाठी कोणी ट्रॅक्टर बदलत नाही, पुली बदलतात. तुझ्या कार्टमध्ये पुलीच्या जागी स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक आहे, एवढाच फरक.

आता हिशेब कर. अंदाजाने करू नको, तीन मापं घे.

पहिलं माप टायरचं. ड्रायव्हरला सीटवर बसव, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण कर, कार्ट हळू ढकलून टायरचा बरोबर एक फेरा होऊ दे आणि टेपने मोज. टायरवर लिहिलेल्या ११ इंचावरून गणित केलं तर ८७-८८ सेंटिमीटर येतात. पण वजनाखाली टायर दबतो, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर कमी भरतात.

दुसरं माप गिअरबॉक्सचं. मॅग्नेटचं (इंजिनासोबतच फिरणाऱ्या बाजूच्या चक्राचं) कव्हर काढ, प्लग काढून ठेव म्हणजे इंजिन हाताने फिरेल, आणि टॉप गिअर टाक. पुढच्या स्प्रॉकेटला खूण करून त्याचा एक फेरा फिरव, तेवढ्यात मॅग्नेट किती फेरे फिरतं ते मोज. दहा फेरे फिरवून दहाने भागलं तर माप पक्कं येतं. उदाहरणापुरतं आपण साडेतीन धरू. तुझं जे येईल तेच वापर.

तिसरं माप स्प्रॉकेटच्या दात्यांचं, ते तुझ्याकडे आहेच.

या इंजिनाची जास्तीत जास्त ताकद ८००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास येते. आपण थोडं हात राखून ७५०० धरू. ७५०० ला साडेतीनने भाग, पुढच्या स्प्रॉकेटचे फेरे २१४३ आले. १४ ला ४२ म्हणजे ३ चं प्रमाण, तर मागचा ॲक्सल ७१४ फेरे. त्याला ०.८५ मीटरने गुण, मग ६० ने गुणून १००० ने भाग. ३६.४ किलोमीटर. तुझ्या मोबाइलने जे सांगितलं तेच कागदाने सांगितलं.

आता मागे ४२ च्या जागी २८ दाते घाल. प्रमाण २ झालं, ॲक्सल १०७१ फेरे, स्पीड ५४-५५. मागे २१ घातले तर ७३. आणि बाईकला जेवढी चाल होती तेवढीच कार्टला द्यायची तर ४२ गुणिले ८५ भागिले १८५, म्हणजे मागे १९ दाते. इंजिनाचा एक नटही न उघडता.

इथेच पोट्टे घसरतात. तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टोळी आली होती. हाच हिशेब त्यांनी स्वतः केला होता आणि वाढीव स्पीडच्या लोभाने मागे १७ दात्यांचं स्प्रॉकेट लावलं होतं. कागदावर ९० किलोमीटर. मैदानावर टॉप गिअरला ५० च्या आत, आणि तिसऱ्या गिअरला ५६. काहून? टॉपमध्ये इंजिनाला इतकं जड झालं होतं की ते साडेचार हजार फेऱ्यांच्या वर चढतच नव्हतं, आणि त्या फेऱ्यांवर त्याच्याकडे अर्धीमुर्धी ताकद होती. तिसऱ्यात ते ताकदीच्या जागेवर पोचायचं, म्हणून खालचा गिअर वरच्यापेक्षा जास्त पळायचा. पहिल्या गिअरमध्ये गाडी उठवताना क्लच इतका घासावा लागे की दोन दिवसांत क्लच प्लेटा जळाल्या. मागे २५ दाते लावून दिले तेव्हा तीच कार्ट त्याच मैदानावर ६० ला गेली. त्यांचं इंजिन झिजलेलं होतं, नव्या इंजिनाने थोडं जास्त ओढलं असतं, पण १७ दाते तेही ओढू शकलं नसतं.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोडायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर एकट्या हवेसाठीच आठपट ताकद मोजावी लागते. ८ हॉर्सपॉवरचं इंजिन, कार्ट आणि ड्रायव्हर मिळून १९० किलो, एवढ्यात ७५ च्या आसपास सपाट रस्त्यावर इंजिनाचा दम संपतो. त्यापुढचे दाते कमी करणं म्हणजे कागदावर आकडा वाढवणं.

आणि तुला ७५ पाहिजे तरी कशाला? स्पर्धेचा ट्रॅक कसा आहे ते बघ. कॉलेजच्या स्पर्धांत वळणं जवळजवळ असतात, सरळ पट्टा ८०-१०० मीटरचा मिळाला तर पुष्कळ. वळणातून तू २५ च्या स्पीडने बाहेर पडणार, आणि पुढच्या वळणाआधी वीस मीटर ब्रेकला राखणार. मधल्या अंतरात हे इंजिन १९० किलोला ५५ च्या आसपास नेऊ शकतं. म्हणून गिअरिंग ५५ ते ६० साठी कर. मागे २८ ने सुरुवात कर, आणि जवळ २६ आणि ३० तयार ठेव.

कोणतं योग्य ते ट्रॅक सांगेल. प्लगच्या वायरला गुंडाळायचं साधं आरपीएम मीटर मिळतं, ते लाव. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक दाबायच्या क्षणी, टॉप गिअरमध्ये इंजिन ७५००-८००० वर पोचत असेल तर दाते बरोबर आहेत. अर्ध्या पट्ट्यातच तिथे पोचून नुसतं ओरडत राहिलं तर मागचे दोन दाते कमी कर. पट्टा संपला तरी ६००० च्या वर चढलं नाही तर दोन वाढव. मीटर नसेल तर साधी परीक्षा: त्याच जागी तिसऱ्या आणि टॉप गिअरचा स्पीड सारखाच येत असेल, तर टॉप जड झाला आहे. एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही. टायरची हवा आणि स्प्रॉकेट एकाच दिवशी बदललं तर फायदा कशाचा झाला ते कोणालाच कळणार नाही.

पुढचा एक दाता वाढवणं म्हणजे मागचे किती कमी करणं? १४-४२ ला तीन, १४-२८ ला दोन. पुढे १५ आणि मागे २८ हे १४-२६ च्या जवळपास येतं. पण पुढे फार खेळ करता येत नाही, मोठं स्प्रॉकेट कव्हरला घासतं. १३ च्या खाली जाऊ नको. लहान स्प्रॉकेटवर चेन फार वाकते, झटक्याने ओढली जाते आणि लवकर ताणते.

मागचं स्प्रॉकेट बाजारात तयार मिळालं नाही तर बनवून घे. तुझी चेन ४२८ नंबरची आहे, पिच (एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर) १२.७ मिलिमीटर, आतली रुंदी ८ मिलिमीटरच्या किंचित आत. म्हणून स्प्रॉकेटची जाडी ७ च्या आसपास पाहिजे. ईएन ८ या कडक पोलादाची ८ मिलिमीटर प्लेट घे, हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत लेझर कटिंगवाले आहेत, तिथे दाते कापून घे, मग लेथवर फेस मारून जाडी आण आणि दात्यांची कड उतरव. दात्यांना हार्डनिंग करून घ्यायला विसरू नको. माझ्या डोळ्यांसमोर माइल्ड स्टीलचं स्प्रॉकेट एका दिवसाच्या सरावात वाकड्या दात्यांचं झालेलं आहे. २८ दात्यांचा पिच व्यास ११३ मिलिमीटर येतो, तुझ्या आताच्या ४२ चा १७० आहे. म्हणजे स्प्रॉकेट जमिनीपासून २८ मिलिमीटर वर उचललं जाईल, हा फायदा फुकटचा. हब सेंटरला बसला पाहिजे, बोल्टच्या भोकांवर भरवसा ठेवून सेंटर काढू नको. चेन सात-आठ कड्यांनी लांब पडेल. जोडीने कड्या काढ, उरलेली ढील इंजिनच्या माउंटिंगमध्ये लांबट भोकं पाडून घे. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघ.

आता ज्या कामात मुलं सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि मला सगळ्यात जास्त स्पीड सापडतो, त्याबद्दल सांगतो.

घरी कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा असेल तो घेऊन ये. शेतात वेचणीचा कापूस ज्याच्यावर टांगून मोजतात तो. चेन काढून ठेव, ड्रायव्हरला बसव, सिमेंटच्या सपाट जागेवर कार्टला पुढून दोरी बांध आणि काट्याने ओढ. हलवताना लागणारा झटका सोडून दे, एकसारखी चालत असताना काटा काय दाखवतो ते वाच. मग उलट्या दिशेने ओढून दोन्हींची सरासरी काढ, म्हणजे जागेचा उतार निघून जाईल. १९० किलोच्या कार्टला ४ ते ६ किलो ओढ लागली तर ठीक. पहिल्यांदा बनवलेल्या कार्टवर मी १०-११ किलो बघितले आहेत.

या जादा ५ किलोची किंमत काय? ५ किलो ओढ म्हणजे ४९ न्यूटन. ५४ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला १५ मीटर. गुणाकार कर: ७३५ वॉट. म्हणजे नेमका एक हॉर्सपॉवर. तुझ्याकडे आठ आहेत, त्यातला एक तू फरफटत नेतोयस. तो परत मिळवायला पैसे लागत नाहीत, पाना आणि टेप लागतो.

तो कुठे जातो ते शोध. आधी मागचा भाग स्टँडवर घेऊन ॲक्सल हाताने फिरव. एक झटका दिला की तो मोकळा फिरत राहिला पाहिजे. लगेच थांबला तर ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटून आहेत. बहुतेक वेळा कारण पेडलमध्ये असतं: मास्टर सिलिंडरच्या रॉडला थोडीही मोकळीक ठेवलेली नसते, पाय काढला तरी प्रेशर पूर्ण सुटत नाही, आणि डिस्क तापली की पॅड आणखी घट्ट होतात. रॉडला एक-दीड मिलिमीटर खेळ ठेव.

मग ॲक्सलचे बेअरिंग. फ्रेम वेल्डिंग करताना ओढली जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बेअरिंग ब्लॉक एका रेषेत राहत नाहीत आणि ॲक्सल त्यांच्यात वाकून बसतो. एका ब्लॉकचे बोल्ट ढिले करून ॲक्सल फिरव. अचानक हलका झाला तर तिथे पातळ पत्र्याची पॅकिंग टाकून रेष मिळव.

पुढची चाकं बघ. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची रेघ मार, चाकांच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला, ॲक्सलच्या उंचीवर, रेघेपासून रेघेपर्यंत टेप धर. दोन्ही मापांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. माप ड्रायव्हर बसलेला असतानाच घे, कारण वजनाने फ्रेम लवते आणि चाकांची दिशा बदलते. एका कार्टवर मी हा फरक १४ मिलिमीटर मोजला. पुढचे टायर सरळ रस्त्यावरसुद्धा आडवे घासत चालले होते, आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसला होता.

टायरची हवा पंक्चरवाल्याकडून अंदाजाने भरू नको. तो बाईकच्या हिशेबाने ३० भरून देतो. कार्टचा टायर रुंद आणि हलका, १४-१५ पीएसआयने सुरुवात कर. फार हवा भरली तर सरळ पट्ट्यावर सुटसुटीत वाटेल, पण टायर मध्यावरच टेकेल आणि वळणात मागचा भाग फेकला जाईल. सरळ ॲक्सलच्या कार्टला डिफरन्शियल नसतो, दोन्ही मागची चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे वळणात ती आधीच भांडत असतात. तिथे पकड गेली तर पट्ट्यावर कमावलेलं सगळं वळणात जातं.

एवढं झालं की इंजिनाकडे ये, पण उघडू नको.

पहिली तपासणी एक्सलेटरची. एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांग, एअर फिल्टरचा पाइप काढून कार्ब्युरेटरमध्ये टॉर्च मारून बघ. स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती नळी) पूर्ण वर गेलेली दिसली पाहिजे. माझ्याकडे आलेल्या कार्टपैकी निम्म्यांत ती पाऊण उंचीवर थांबलेली असते, कारण पेडल फ्लोअरला टेकतं पण केबल तेवढी ओढली जात नाही. बाईकच्या मुठीसाठी बनवलेली केबल पेडलच्या लिव्हरला जोडली की ओढीचं माप बदलतं. लिव्हरचं भोक वर-खाली करून ते जुळव आणि पेडलला पक्का स्टॉपर लाव, नाहीतर जोराच्या पायाने केबल तुटेल. स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि गाडी उड्या मारताना केबल ओढली जात नाही ना, हेही बघ.

दुसरी गोष्ट गार हवा. हे इंजिन हवेवर थंड होतं. बाईकवर ते पुढच्या चाकामागे उघडं असतं, वारा सरळ फिन्समध्ये (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमध्ये) शिरतो. तू ते ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलंस, म्हणजे वारा ड्रायव्हरच्या पाठीने अडवला. दहा मिनिटं सराव झाला की पिकअप मरतो, पिंगिंगचा (इंजिनातून टकटक) आवाज येतो, आणि तसंच पळवलं तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सीटच्या बाजूने हवा आत ओढणारी नळी कर आणि ती थेट सिलिंडरच्या फिन्सवर सोड. जिनिंगच्या आवारात सराव केला असेल तर फिन्स उघडून बघ, रुईचे तंतू आणि ऑइल मिळून त्यांत नमद्यासारखा थर बसतो. ब्रशने साफ कर.

तिसरी गोष्ट मिश्रण. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश नवीन नाही. २५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा ६ टक्क्यांनी विरळ असते. इंजिनाला तेवढा श्वास कमी मिळतो आणि ताकद तेवढी घटते, तिथे तुझा काही दोष नाही. विरळ हवेत तेच जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) हवेच्या मानाने थोडं जास्त पेट्रोल देतं. पण दुसरीकडे आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि जुना कार्ब्युरेटर साध्या पेट्रोलसाठी बसवलेला आहे. इथेनॉलमुळे मिश्रण कोरडं होतं, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. दोन कारणं दोन दिशांना ओढतात, म्हणून ऐकीव जेट नंबरवर जाऊ नको, प्लग वाच. नवा प्लग लाव, सरळ पट्ट्यावर पूर्ण एक्सलेटर देऊन पळव, पट्टा संपताना एकाच वेळी क्लच दाब आणि किल स्विच बंद कर. इंजिन आयडलवर आलं तर रंग बदलतो. प्लग काढ. टोकाचं पांढरं चिनीमातीचं बूड चहाच्या रंगाचं असेल तर उत्तम. पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाल, हे आधी कर, कारण कोरड्या मिश्रणावर पिस्टन वितळतो. काळं आणि ओलसर असेल तर एक नंबर लहान. त्यासोबत टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) मॅन्युअलच्या मापाने थंड इंजिनावर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी बसव. आवाज येतो म्हणून टॅपेट घट्ट करणारे पुष्कळ असतात. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्हची कड जळते.

एअर फिल्टर काढून टाकू नको. फिल्टर काढला की आवाज वाढतो, त्या आवाजाला पोरं ताकद समजतात. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. त्या धुळीत उघडा कार्ब्युरेटर म्हणजे रिंग आणि बोअरमध्ये पॉलिश पेपर फिरवण्यासारखं. ऑइल लावलेला फोमचा फिल्टर वापर आणि रोज धू.

आता तुला मिळालेले तीन सल्ले.

बोअर करून मोठा पिस्टन. तुझ्या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, म्हणून ९७.२ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने मिळतात, १ मिलिमीटरपर्यंत. शेवटचा १ मिलिमीटरचा टाकलास तरी ५१ चा वर्ग भागिले ५० चा वर्ग, वाढ ४ टक्के, इंजिन १०१ सीसीचं झालं. ताकद फार तर एक तृतीयांश हॉर्सपॉवरने वाढेल. ब्रेकचे चिकटलेले पॅड सोडवून तू त्याच्या तिप्पट मिळवतोस. बोअरिंग हे झिजलेल्या इंजिनासाठी आहे. तुझं इंजिन निळा धूर सोडत असेल, ऑइल पीत असेल, तर जरूर कर, पण ते हरवलेली ताकद परत आणायला. आणि स्पर्धेची नियमपुस्तिका आधी उघड, इंजिनात बदल चालत नसेल तर तपासणीतच बाहेर काढतील. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचा विचार तर करूच नको. उन्हाळ्यात, वारा न लागणाऱ्या इंजिनात, पंपाच्या पेट्रोलवर ते नॉक करेल, म्हणजे तेच पिंगिंग.

सायलेन्सर कापणं. एक्झॉस्टच्या पाइपाची लांबी आणि जाडी इंजिनाच्या श्वासाशी जुळवलेली असते. कापला की मधल्या फेऱ्यांची ओढ जाते, मिश्रण कोरडं होतं, आणि वळणातून बाहेर पडताना नेमकी तीच ओढ लागते. जागा नसेल तर पाइप वळवून घे, लांबी राख.

पॉवर वीडरचं इंजिन. तशी १६३ सीसीची इंजिनं ३६०० फेऱ्यांवर पाचेक हॉर्सपॉवर देतात. तुझ्याकडे त्याहून जास्त ताकद आणि चार गिअर आधीच आहेत. आणि गव्हर्नर काढायचा विषय निघालाच आहे म्हणून स्पष्ट सांगतो: फिरणाऱ्या भागावरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ३६०० चे ५४०० केले तर वेग दीडपट, पण ताण सव्वादोन पट. त्या इंजिनाचं बिडाचं फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ३६०० साठी बनवलेले असतात. रॉड तुटून ब्लॉक फोडतो, आणि फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे ज्या उंचीवरून उडतात त्या उंचीवर ड्रायव्हरची पाठ असते. तुझ्या मित्राला हे वाचून दाखव.

दाते बदलायच्या आधी ब्रेकचं काम पुरं कर. ३६ वरून ५५ वर गेलास की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पटींहून जास्त होते. आता जो ब्रेक पुरतो तो तेव्हा पुरणार नाही. ५५ वरून दोन्ही मागची चाकं एकदम लॉक होईपर्यंत पकड मिळते का, आणि पेडल सलग दहा वेळा दाबल्यावर खाली जातं का, ते बघ. चेनला आणि ॲक्सलला पूर्ण झाकण कर. गो-कार्टच्या ॲक्सलमध्ये केस अडकून आपल्या देशात जीव गेलेले आहेत. गमछा, दुपट्टा, मोकळे केस घेऊन कोणी बसणार नाही, हे टीममध्ये ठरवून टाका. किल स्विच ड्रायव्हरच्या हाताला एक आणि मागे बाहेरून दाबता येईल असा दुसरा. हेल्मेटशिवाय ढकलूनसुद्धा चालवू नका.

आणि ही गाडी डांबरी रस्त्यावर काढू नको, रात्री रिकाम्या रस्त्यावरही नाही. तिला नोंदणी नाही, दिवे नाहीत, आणि ट्रकच्या ड्रायव्हरला गुडघ्याएवढी उंची दिसत नाही. हंगाम संपलेला असेल तर बाजार समितीचं किंवा जिनिंगचं सिमेंटचं आवार मालकाच्या परवानगीने मिळतं. कापूस पडलेला असेल तर तिथे गरम सायलेन्सर नेऊच नको.

पुढच्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, कार्ट घेऊन इकडे ये. येताना टायरच्या फेऱ्याचं माप, टॉप गिअरचे मोजलेले फेरे आणि काट्यावरची ओढ, हे तीन आकडे वहीत लिहून आण. २६, २८ आणि ३० ची जुनी स्प्रॉकेटं माझ्याकडे पडलेली आहेत. हबच्या भोकांचं माप आधी कळवलंस तर शनिवारी लेथवर तयार करून ठेवतो.